भिंतीकडे तोंड केलेली चित्रं

निवृत्ती पेंटर मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुठे माझा सूर नरमला तर वाचणाऱ्याने फसू नये म्हणून. तोंडावर मी त्याला तात्या म्हणायचे, अहोजाहो करायचे, कारण वयाने तो माझ्या वडलांएवढा होता. मनात मात्र तो कायम एकेरीच राहिला आणि इथेही तसाच राहणार आहे.

नव्वदच्या दशकात बारामतीत आम्ही काही हौशी मंडळी मिळून एक कलादालन चालवायचो. दालन हा शब्द ऐकून कुणी संगमरवर डोळ्यांसमोर आणू नका. भिगवण रस्त्याला खतं-बियाण्यांच्या एका दुकानावर लांबट खोली होती, तीच. खालचा युरियाचा वास वर यायचा, चित्रांना लागायचा आणि घरी नेलेल्या चित्रालाही आठवडाभर येत राहायचा. मालक कुणी नाही, सगळे सभासद. झाडलोट, कुलूप उघडणं, बघायला येणाऱ्यांशी बोलणं, सगळं पाळीपाळीने. कदम सर अध्यक्ष होते. ते हायस्कुलात चित्रकला शिकवायचे, आणि कुणाचं मन दुखावलं गेलं की यांचंच पोट बिघडायचं. मुलाणीभाईंचा फोटो स्टुडिओ होता. बाकी दोन-चार शिक्षक, एक कंपाउंडर आणि मी. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, जळोचीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे आणि रविवार उजाडला की जलरंगांचा डबा उघडून बसायचे.

दर तीन महिन्यांनी भिंती रिकाम्या व्हायच्या आणि नव्या चित्रांसाठी एक रविवार ठरायचा. सभासद असो की बाहेरचा, कुणीही चित्र आणावं. अट एकच, चित्र स्वतःचं पाहिजे. कॅलेंडरवरून, फोटोवरून, मासिकाच्या मुखपृष्ठावरून उतरवलेलं चालणार नाही. सुरुवातीच्या वर्षी हरणांची एकच जोडी तीन वेगवेगळ्या सह्यांनी भिंतीवर लागली होती, तेव्हापासून ही अट कडक झाली. ती पाळून घ्यायला दाराशी टेबल टाकून ज्याला बसवला, तो निवृत्ती पेंटर.

तो मूळचा आमच्यातला नव्हेच. इंदापूरला एसटी स्टँडच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं दुकान होतं. सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकांच्या नंबरप्लेटी, दुकानांच्या पाट्या आणि मेलेल्या माणसांच्या तसबिरी हा त्याचा धंदा. म्हणजे जन्मभर नक्कल करून पोट भरलेला माणूस. कदम सरांनी म्हणूनच त्याला निवडला. "नक्कल कशी करतात ते ज्याला माहीत, त्यालाच ती दिसणार," असं ते म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ती मान डोलावल्याबद्दल पुढे मी स्वतःला किती शिव्या घातल्या, त्याला गणती नाही.

चित्रांच्या रविवारी तो पहिल्या एसटीने इंदापूरहून यायचा. बुटका, खांदे पुढे आलेले, नखांत कायमचा रंग, चष्म्याला दांडीच्या जागी सुतळी. आल्यावर रामराम नाही, नमस्कार नाही. टेबलावर फडकं मारायचं आणि म्हणायचं, "आणा." चहा विचारला तर "मी काय पाव्हणा हाय व्हय?" असं म्हणून विचारणाऱ्याचाच पाणउतारा करायचा. दुपारी फडक्यात बांधलेली भाकरी सोडून, आमच्याकडे पाठ करून खायचा. चित्र आणणाऱ्याच्या तोंडाकडे तो कधी बघतच नसे. चित्र उचलायचा, पश्चिमेच्या खिडकीशी न्यायचा आणि सुतार फळी तपासतो तसं आडवं धरून एक डोळा मिटून त्यावरून नजर फिरवायचा. मग दोनांपैकी एक शब्द. "घ्या" किंवा "न्या."

'न्या' म्हटलं की ते चित्र आमच्या समोरच्या भिंतीला टेकायचं, तोंड भिंतीकडे करून. संध्याकाळी दालन बंद होईपर्यंत ते तसंच राहायचं आणि मगच चित्रकाराने ते न्यायचं. एकदा परत गेलेलं चित्र पुन्हा आणायचं नाही, हाही त्याचाच नियम. त्यामुळे जिना चढून येणाऱ्याला आधी दिसायची ती पाठमोऱ्या चित्रांची रांग. कुठली पाठ कुणाची हे बारामतीत सगळ्यांना ठाऊक असायचं.

माझी पाठ त्या रांगेत तीन वर्षांत लागोपाठ तीन वेळा लागली.

पहिल्या वेळी मी डाव्या कालव्याचं चित्र नेलं होतं. सकाळची वेळ, पाण्यावर वाकलेली बाभूळ, पलीकडे उसाचा फड. चार रविवार मी कालव्याच्या भरावावर बसून ते केलं होतं. तात्याने ते आडवं धरलं, उभं धरलं आणि म्हणाला, "ह्ये कुठनं उचललं?"

"उचललं म्हणजे? मी स्वतः तिथे बसून काढलंय."

"हात दाखवा."

हात दाखवा म्हणजे समोर बसा आणि चित्राचा तो सांगेल तेवढा कोपरा कोळशाने पुन्हा काढून दाखवा. सगळ्यांच्या देखत. मी बसले. वर्गातल्या पोरांना मी फळ्यासमोर उभी करते तेव्हा त्यांना काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. बाभळीचा बुंधा काढला, फांदी काढली, आणि घाबरून बोलायला लागले, "ही बाभूळ खरंच एवढी वाकलेली आहे, तिथे बांध खचलाय, म्हणून—"

"बाई," तो म्हणाला, "भितीवर चित्र टांगायचंय, का तुमास्नी? ज्ये टांगायचंय त्येला बोलू द्या."

मुलाणीभाई फिसकन हसले. तात्याने माझा कोळशाचा कागद बाजूला सारला. "हात हाय. डोळा न्हाय. न्या."

कदम सरांचं त्या दिवशी पोट बिघडलं असणार. पण पुढच्या बैठकीत त्यांनी नियमांच्या कागदावर एक ओळ वाढवली, चित्रकाराने स्वतःच्या चित्राच्या बाजूने काही बोलू नये. तात्याने सुचवलं आणि सरांनी लिहिलं. आम्ही पुन्हा माना डोलावल्या.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून एखाद्याचा इतका राग? हो, एवढ्यावरूनच. त्याच्या त्या 'न्या'मध्ये एक चव असायची. चांगला मासा गळाला लागल्यावर माणूस जसा ओठ चाटतो, तसं करून तो म्हणायचा. मुलाणीभाईंनी एकदा हौसेने रंगवलेलं मशिदीचं चित्र आणलं, तर म्हणाला, "तुमचं डोळं क्यामेऱ्यानं खाल्लं, मुलाणी. न्या." कंपाउंडर बिचारा फुलं काढायचा. त्याला म्हणाला, "दवाखान्यात लई मेलेलं बघता, म्हणून फुलंबी तसलीच." वर्ष-दोन वर्षांत आमच्यातला एकही जण उरला नाही ज्याच्या जेवणात त्याने माती कालवली नाही.

लोक मला अजूनही त्या संचालकांच्या सुनेची गोष्ट सांगतात, जणू काही मी तिथे नव्हते. एका साखर कारखान्याच्या संचालकांची सून चित्रं काढायची. एका रविवारी जीप आली, मागोमाग चार माणसं आली, चित्र मखमली कापडात गुंडाळून वर आणलं गेलं. पाणवठ्यावर घागर भरणारी बाई, अंगावर दागिने, पाण्यात कमळं. बरोबरच्या माणसाने कदम सरांच्या कानाशी लागून सांगितलं की दालनाला पंखे आणि चांगले दिवे बसवून द्यायचं साहेबांच्या मनात आहे. आम्ही सगळे उभे राहिलो होतो. तात्या उठला नाही. त्याने चित्र आडवं धरलं आणि बोटाने हवेत उभ्या-आडव्या रेघा मारत म्हणाला, "चौकटी हायत."

चौकटी म्हणजे काय ते सांगते. छोटा फोटो मोठा करायचा तर पेंटर लोक फोटोवर उभ्या-आडव्या रेघा आखून चौकोन पाडतात. तेवढेच चौकोन मोठ्या कागदावर आखतात आणि मग एकेका चौकोनात जे असेल ते तसंच्या तसं तिकडे उतरवतात. वरून रंग चढला तरी तिरप्या उजेडात त्या रेघा दिसतात, फक्त बघणारा डोळा पाहिजे. म्हणून आमच्या दालनात चौकटी सापडल्या की विषय संपला. त्यावर ना चर्चा, ना मतदान.

बरोबरचा माणूस तापला. "चित्र कुणाचं हाय म्हाईत हाय का?"

"त्येच तर मगाधरनं इचारतोय," तात्या म्हणाला. "कुणाचं हाय?"

हे वाक्य पुढे सगळ्या तालुक्यात फिरलं. पंखे अर्थातच आले नाहीत आणि पुढचे सगळे उन्हाळे आम्ही पुठ्ठ्याने वारा घेत काढले. लोक म्हणायचे, काय बाणेदार माणूस! मी तिथे होते. ती सून असेल बावीस-तेवीसची. तिने एकदाही मान वर केली नाही. जिना उतरताना तिने पदराने डोळे पुसले ते मी पाहिलं. तात्यानेही पाहिलं आणि पुढचं चित्र मागितलं.

त्याचं दुकान मी पहिल्यांदा पाहिलं ते माझं तिसरं चित्र परत आल्यानंतर. दहावीच्या परीक्षेच्या कामाला मी इंदापूरला गेले होते. दालनाच्या नव्या पाटीचा मजकूर तात्याला पोचता करायचं कदम सरांनी माझ्या गळ्यात घातलं. नाही म्हणता आलं नाही.

शेडमध्ये तात्या एका पांढऱ्या रंगवलेल्या पत्र्यावर बसला होता, म्हणजे अक्षरशः पत्र्यावर, मांडी घालून. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात खिळा. पत्र्यावर पेन्सिल घसरते म्हणून तो खिळ्याने चौकटी ओढत होता. शेजारी कुणाचा तरी फोटो, त्यावरही चौकटी. माझ्याकडे बघितलं नाही. मी मजकुराचा कागद ठेवला आणि एसटीला वेळ होता म्हणून बाकावर टेकले.

एक बाई आली, साठीची असेल. तिने पदराच्या गाठीतून नवऱ्याचा ओळखपत्रावरचा फोटो काढला. मोठी तसबीर हवी होती. "आनि ह्यास्नी फेटा बांधा," ती म्हणाली.

"जित्तेपणी कवा बांधला हुता?"

"न्हाय. टोपीच असायची."

"मग आता कशाला? वर गेल्याव वळखायचं न्हाईत त्येस्नी कुणी."

बाई आधी हसली आणि मग तोंडाला पदर लावून रडायला लागली. तो खिळ्याने रेघा ओढत राहिला. तसबीर तयार झाली तेव्हा तिच्यात गुलाबी फेटा होता, असं पुढे कदम सरांनी मला सांगितलं. मला ते खरं वाटलं नाही.

बाई गेल्यावर मी भिंतींकडे पाहिलं. सगळीकडे दुसऱ्यांचे मेलेले बाप वाळत टांगलेले. मला वाटलं, आता आपली पाळी. टोचून विचारलं, "तात्या, सगळ्यांचे वडील आहेत इथे. तुमचे कुठेयत?"

खिळा थांबला. "माझ्या बापाचा फोटूच न्हाय," तो म्हणाला. "आमी मेंढरामागची माणसं. पाऊस सरला की मोरगावच्या माळावनं निघायचं, कोकणात उतरायचं. उभ्या जल्मात क्यामेऱ्याम्होरं उभा न्हाय ऱ्हायला त्यो. मेला तवा मी आठ-नऊ वर्सांचा." मग परत रेघ ओढत म्हणाला, "तुमची यष्टी चुकंल."

एवढंच. मला त्याची दया आली नाही. एसटीत बसल्यावर उलट वाटलं, बरं झालं, याच्याकडेही एक भिंत रिकामी आहे.

पुढच्या चित्रांच्या रविवारी मी वर गेले तर टेबलामागची खुर्ची मोकळी होती. तात्या चित्रं घेऊन आलेल्यांच्या रांगेत उभा होता. दाढी घोटलेली, इस्त्रीचा सदरा, हातात जुन्या धोतरात गुंडाळलेला मोठा पत्रा. "आज मी टेबलाव न्हाय," त्याने कदम सरांना सांगितलं. "आज माझं हाय."

एवढ्या वर्षांत त्याने दालनात एकही चित्र ठेवलं नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कदम सर तर इतके हरखले की त्यांनी स्वतः धोतराची गाठ सोडली.

चित्रात एक धनगर बसला होता. दोन्ही गुडघ्यांत मेंढी दाबून धरलेली, हातात लोकर कातरायची कात्री. माणसाचं तोंड खाली होतं, अर्धंच दिसत होतं, कपाळावर घाम. मेंढी मात्र आपल्याकडे बघत होती, भ्यालेली नाही, नुसती कंटाळलेली. मागे माळ, आणि माळावर काहीच नाही. मी फार चित्रं पाहिलेली बाई नाही. पण त्या माणसाचे हात बघून मला माझ्या तिन्ही चित्रांची लाज वाटली. लाज वाटली आणि तिच्या मागोमाग संताप आला.

तात्या कदम सरांशी बोलत होता. मी त्याला इतकं मऊ बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "समोरच्या भितीला जागा हाय न्हवं? पत्रा जड हाय, खिळं मी आणल्यात." खिशातून त्याने दोन मोठे खिळे काढून दाखवले. "आन् जरा खाली टांगा. माझी आक्का येणार हाय मोरगावाहून बघाया. म्हातारी हाय, तिला वरचं दिसत न्हाय."

तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हा बाप आहे. त्याचा चेहरा आठवणारी दोनच माणसं जगात उरली होती, एक तात्या आणि दुसरी ती आक्का.

"आधी उजेडाला तर धरा," मुलाणीभाई म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

"व्हय, व्हय," तात्या म्हणाला. "धरा की."

धरायचं कुणी? कदम सरांनी इकडेतिकडे पाहिलं. कंपाउंडर म्हणाला, "बाईंना धरू द्या. त्यांचा अनुभव मोठा आहे, तीन वेळा परत गेल्यात." सगळे हसले. मीही हसले आणि पत्रा उचलला.

पश्चिमेच्या खिडकीशी नेऊन मी तो आडवा धरला आणि एक डोळा मिटला. माळ स्वच्छ होता. माणसाचा खांदा स्वच्छ होता. मेंढीच्या पाठीवर, जिथे रंग पातळ झाला होता, तिथे एक बारीक उभी रेघ दिसली. तिला छेदून आडवी. मग एकदम सगळ्या दिसायला लागल्या, कात्रीवरून, हातांवरून, कपाळावरून गेलेल्या. खिळ्याच्या चौकटी.

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. मागाहून सुचलेलं शहाणपण नव्हे हे. ज्या माणसाचा फोटोच नाही त्याच्या चित्रात चौकटी आल्या कुठून, तर या बाबाला जन्मभर चौकटींशिवाय चित्र मोठं करताच येत नाही. त्याने आधी छोटं चित्र मनाने काढलं असणार आणि मग हाताच्या सवयीने त्यावर रेघा मारल्या असणार. नक्कल होती, पण त्याच्या स्वतःच्याच आठवणीची. ही गोष्ट त्या खोलीत त्याच्याशिवाय फक्त मला माहीत होती. बाकीचे लांब उभे होते, त्यांना रेघा दिसणंही शक्य नव्हतं. मी 'घ्या' म्हटलं असतं तर चित्र भिंतीवर गेलं असतं.

"चौकटी आहेत," मी म्हणाले.

कदम सर जवळ आले, त्यांनी चष्मा पुसून पाहिलं, बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा पडला. "आहेत खऱ्या," ते म्हणाले. मग, चौकटींवर एरवी चर्चा होत नसताना, घसा साफ करून, "यावर कुणाला काही सांगायचंय का?" तात्याला बोलायची परवानगी नव्हती. त्याच्याच नियमाने. बाकी कुणालाही होती.

तात्या माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत होता. मला वाटलं, खाऊ की गिळू असं बघतोय. बघू दे, मी मनात म्हटलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. खाली खताची पोती टेम्पोत चढत होती.

कदम सरांनी आणखी थोडी वाट पाहिली. मग तात्या पुढे झाला, माझ्या हातातून पत्रा घेतला, समोरच्या भिंतीपाशी गेला आणि तोंड भिंतीकडे करून टेकवून ठेवला. तो पडत नाही ना ते बघितलं. मग टेबलामागे जाऊन खुर्चीत बसला आणि म्हणाला, "फुडचं आणा."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मुलाणीभाई जिन्यात म्हणाले, आज जेवण गोड लागेल, आणि मला खरंच लागलं. रात्री झोपही लागली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी, पोरं ओळीत उभी असताना, मला त्या मेंढीचा कंटाळलेला चेहरा आठवला आणि मग तो दिवसभर गेला नाही.

आम्हाला वाटलं होतं, आता तो यायचा नाही. तीन महिन्यांनी पहिल्या एसटीने तो आला. टेबलावर फडकं मारलं, "आणा" म्हणाला. तेच तोंड, तीच जीभ. कदम सरांनी काही बोलायचा प्रयत्न केला तर त्यांना म्हणाला, "सर, रांग खोळंबलीय." कुणाला वाईट वाटून घ्यायची सोय म्हणून त्याने ठेवली नाही. माझ्या हातात जळोचीच्या शिवारातल्या विहिरीचं चित्र होतं. त्याने ते उजेडाला धरलं. हात दाखवा म्हटलं नाही, कुठनं उचललं असंही विचारलं नाही.

"घ्या," तो म्हणाला.

तीन वर्षं ज्या शब्दासाठी मी जिवाचा आटापिटा केला, तो असा मिळाला. चित्र भिंतीवर लागलं, लोकांनी चांगलं म्हटलं, कदम सरांनी पेढे वाटले. मी दालनात गेले की त्या भिंतीकडे बघायचं टाळायचे. शेवटी न राहवून एका शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी इंदापूरची एसटी धरली.

शेडमध्ये दुपारचं ऊन आलं होतं. नंबरप्लेटींचं काम रेडियमवाल्यांनी नेलेलं दिसत होतं, त्या टांगायचा खिळा रिकामाच होता. तात्या उकिडवा बसून एका पत्र्यावर पांढऱ्या रंगाचा हात देत होता. मी जवळ गेले. तोच पत्रा होता. माळ गेला होता, मेंढी गेली होती. बाप अजून होता, खांद्यापासून खाली, कात्रीसकट.

"तात्या, हे काय करताय?"

"रसवंतीची पाटी हाय. पत्रा चांगला हाय, वाया कशाला घालवायचा?"

त्याच्या डोक्याच्या वर, भिंतीवरच्या खिळ्याला, बाकीच्या कामांच्या चिठ्ठ्यांबरोबर, वहीचं एक पान टोचलेलं होतं. त्यावर वीतभर चित्र, तोच माणूस, तीच मेंढी. माणसाचा चेहरा इतक्या वेळा खोडून काढलेला की तिथे कागद विरून गेला होता. आणि त्या सगळ्यावरून पेन्सिलीच्या चौकटी.

"हे पान तुम्ही आणून दाखवलं असतंत तर?" मी म्हणाले.

"चित्राच्या बाजूनं बोलायचं न्हाय. म्याच म्हणलं हुतं."

"आक्का आल्या होत्या?"

"आली हुती. जमलं न्हाय म्हणून सांगितलं."

"पुन्हा काढा, पुन्हा आणा. मी सांगते सगळ्यांना. नियम बदलू आपण."

तो हसला. त्याला हसताना मी तेवढंच पाहिलं, आणि ते काही बघण्यासारखं नव्हतं. "बाई, संचालकाच्या सुनंला काय सांगू मग मी?"

मला बोलायलाच हवं होतं. त्यासाठीच आले होते. "तात्या, मला माहीत होतं. तुमच्या वडलांचा फोटो नव्हता, हे मला तेव्हाच माहीत होतं."

"मला बी म्हाईत हुतं, तुमास्नी म्हाईत हाय त्ये," तो म्हणाला. ब्रश डब्यात बुडवला, काठावर निपटला. "म्हणून तर तुमच्याकडं बघत हुतो. म्हणलं, ही एक बाई तरी बोलंल."

मी काहीच बोलले नाही. त्या दिवशीही नाही आणि आताही नाही. त्याने ब्रश खांद्यावरून खाली ओढला, मग हातांवरून, मग कात्रीवरून. कुठे घाई नाही, कुठे थेंब सांडला नाही. माझी एसटी लागली होती, कंडक्टरने घंटी दिली ती ऐकू आली. जायला हवं होतं. पण सगळा पत्रा पांढरा होईपर्यंत मी तिथून हलले नाही, आणि त्यानेही मला जा म्हटलं नाही.